कुशल मनुष्यबळाचे तात्पुरते स्थलांतर आणि सेवा व्यापार करार : एच-१बी व्हिसाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वस्तूंच्या व्यापाराला १९४७ च्या गॅट कराराने आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट मिळाली. सेवांच्या व्यापाराला तशी चौकट मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले. सेवा देण्यासाठी परदेशी जाणाऱ्या कुशल व्यक्तीला या नियमांनी कितपत संरक्षण दिले, याचा प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या आधारे विचार केला आहे.

सेवा करारातील तरतूद :

उरुग्वे फेरीतील (१९८६-१९९४) वाटाघाटींतून सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करार, म्हणजेच 'गॅट्स', १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. त्यात सेवा पुरविण्याचे चार प्रकार मानले आहेत. चौथ्या प्रकारात व्यक्ती स्वतः दुसऱ्या देशात तात्पुरती जाऊन सेवा देते. भारतासारख्या विकसनशील राष्ट्राचे हित प्रामुख्याने या प्रकारात होते. परंतु करारास जोडलेल्या परिशिष्टाने रोजगाराच्या बाजारपेठेतील प्रवेश, नागरिकत्व, कायम वास्तव्य आणि कायमस्वरूपी नोकरी हे विषय वगळले. प्रवेशाचे नियमन करण्याचा राष्ट्रांचा अधिकारही मान्य केला. मात्र त्यामुळे दिलेल्या वचनाचा लाभ निष्फळ होता कामा नये, अशी अट घातली. पुढील वादाचे बीज या अटीत आहे.

मर्यादेचा इतिहास :

अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरविली. हाच आकडा अमेरिकेने गॅट्सच्या वचनसूचीत नोंदविला. परिणामी देशांतर्गत कायद्यातील कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय करारात किमान हमी ठरली. माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीत ही मर्यादा १९९९ व २००० या वित्तीय वर्षांसाठी १,१५,०००, तर २००१ ते २००३ साठी १,९५,००० झाली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आली. त्याच सुमारास, २००३ मध्ये झालेल्या मुक्त व्यापार करारांनुसार, यांपैकी चिलीसाठी १,४०० आणि सिंगापूरसाठी ५,४०० जागा राखून ठेवण्यात आल्या. अमेरिकी विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी २००४ च्या कायद्याने २०,००० जागांची स्वतंत्र सवलत दिली.

शुल्काचा प्रश्न :

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक एच-१बी वा एल-१ व्हिसाधारक असलेल्या कंपन्यांवर प्रत्येकी अनुक्रमे २,००० व २,२५० डॉलर जादा शुल्क बसविले. डिसेंबर २०१५ मध्ये ते ४,००० व ४,५०० डॉलर झाले. नियमात कोणत्याही देशाचे नाव नव्हते. तरीही त्याचा भार मुख्यतः भारतीय संगणक सेवा कंपन्यांवर पडला. भारताने ३ मार्च २०१६ रोजी जागतिक व्यापार संघटनेत विचारविनिमयाची मागणी केली. शुल्काबरोबरच चिली व सिंगापूर यांच्यासाठीच्या राखीव जागांनाही त्यात आक्षेप होता. मात्र या प्रकरणी निवाडा मंडळ नेमले गेले नाही. त्यामुळे शुल्काने वचन निष्फळ होते काय, हा प्रश्न अनिर्णित राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी काढलेल्या उद्घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचा भार घातला, तेव्हा त्याच प्रश्नाचे गांभीर्य अनेक पटींनी वाढले.

समारोप :

सदर विवेचनावरून असे दिसते की, गॅट्सने व्हिसांची संख्या बांधली, पण त्यांची किंमत बांधली नाही. आकडा कायम ठेवूनही दार अरुंद करता येते. म्हणूनच चौथ्या प्रकाराबाबतच्या पुढील वाटाघाटींत संख्येइतकेच शुल्क, अटी व कार्यपद्धती यांनाही महत्त्व मिळणे अगत्याचे आहे. अन्यथा कुशल व्यक्तीला दिलेले वचन केवळ कागदावरच राहील.