लोहाराच्या पोराची चिमुकली मोटार

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेलच. जपानातील कोम्यो या खेडेगावी अशाच एका लोहाराच्या घरी १९०६ साली सोइचिरो होंडा जन्मले. मोटारसायकलींनी त्यांचे नाव झाले. पण मनात मोटार होती.

तिथे सरकारने छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग ठरवला होता. लांबी तीन मीटर, इंजिन ३६० घनसेंटिमीटर. याहून मोठी नको. एवढ्याशा मापात होंडांनी १९६२ साली दोन आसनांची धावती मोटार बसवली. नाव ‘एस ३६०’. वजन सुमारे ५१० किलो, म्हणजे आपल्या खिलारी बैलजोडीपेक्षाही हलकी! इंजिनात चार सिलिंडर, आणि प्रत्येक एवढा लहान की त्यात कपभर चहा जेमतेम मावावा. पण ते मिनिटाला नऊ हजार फेरे घेई. मागच्या चाकांना गती कशाने, तर साखळीने. मोटारसायकलवाल्याची सवय, दुसरे काय!

पण एवढी घाई कशाला? तर व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या मते देशात मोटारवाले आधीच फार झाले होते. नव्यांना मज्जाव करणारा कायदा येऊ घातला होता. सोइचिरो भडकले. कायदा येण्याआधी आपण मोटारवाले आहोत हे दाखवायचे होते, म्हणून रात्रंदिवस काम चालले. त्यातच तांबड्या रंगाला बंदी! तो म्हणे अग्निशामक बंबांचा. यावर सोइचिरोंनी वर्तमानपत्रातून टीका केली, सहकाऱ्याने परिवहन मंत्रालयाचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. आता रंगासाठी एवढे भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. मला तर त्यात त्या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो.

आणि गंमत पाहा. ऑगस्ट १९६३ मध्ये होंडांचे पहिले चारचाकी वाहन बाजारात आले, ते मालवाहू ‘टी ३६०’! त्यात इंजिन याच जातीचे. शर्यतीचा घोडा भाजीच्या गाडीला जुंपावा, तसे झाले. ऑक्टोबरात ५३१ घनसेंटिमीटरची ‘एस ५००’ आली. किंमत ओळखा, अशी स्पर्धा लावली, तर पन्नास लाखांहून जास्त पोस्टकार्डे आली, बरं का! खरी किंमत निघाली ४,५९,००० येन.

तो कायदा मात्र संसदेत मंजूर झालाच नाही. १९६४ साली बारगळला. आणि जिच्यासाठी एवढी धावपळ केली, ती ‘एस ३६०’ कधी विकलीच गेली नाही. २०१३ साली कंपनीने ती पुन्हा बांधून टोकियोच्या प्रदर्शनात मांडली.