आपल्या नांवाचें टपाल

स्वतःचें डोमेन-नांव विकत घेऊन त्या नांवानें टपाल मागविणाऱ्या गृहस्थास प्रथम एका लहानशा अर्जास तोंड द्यावें लागतें. थंडरबर्ड असो वा आउटलुक असो, घरच्या संगणकावरील टपालाचा प्रोग्रॅम त्यास विचारतोच कीं पत्ता कोणता, येणारें टपाल कोणत्या सर्व्हरवरून आणावयाचें, जाणारें कोणत्या सर्व्हरकडे द्यावयाचें, पोर्ट कितवें आणि परवलीचा शब्द काय. बहुतेक जण होस्टिंग-कंपनीच्या पत्रकांतील अक्षरें जशींच्या तशीं उतरून मोकळे होतात; पुष्कळदां प्रोग्रॅम स्वतःच रकाने भरून टाकतो. तथापि हे रकाने एका दिवशीं एका डोक्यांतून निघालेले नाहींत. त्यांत अनेक वर्षांच्या गरजांचे थर एकावर एक बसले आहेत, आणि त्यांपैकीं एकांत आपलीं पत्रें आपलीं राहणार कीं नाहींत हा प्रश्न दडला आहे.

१९७१ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें रे टॉमलिन्सन यांनीं अर्पानेटमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडलें. दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारींच उभीं होतीं! माणसाचें नांव व यंत्राचें नांव वेगळें पाडण्यास त्यांनीं इंग्रजी खातेवहींतील भाव दाखविण्याचें चिन्ह योजिलें. आमच्याकडे पत्ता सांगतांना लोक आजही त्यास 'अ‍ॅट द रेट' म्हणतात, तेव्हां त्या चिन्हाचें मूळचें दुकानदारी गोत्र नकळत आम्हींच जपून ठेविलें आहे.

त्या काळीं पत्त्यांत यंत्राचें नांव असे, आणि सर्व यंत्रांची यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एकाच फाइलींत ठेविलेली असे. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरेना. १९८३ मध्यें पॉल मॉकापेट्रिस यांनीं नांवांची वांटणी करणारी डोमेन-पद्धति मांडली. तरीही खरी मुक्तता पुढेंच होती. जानेवारी १९८६ मध्यें क्रेग पार्ट्रिज यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या टिपणांत 'एम्.एक्स्.' नोंदीचा नियम आला. त्याचा भावार्थ आमच्या पोस्टकार्डांवरील 'मार्फत' या एका शब्दांत येतो. नांव माझें, पण टपाल अमक्याकडे पोंचतें करावें. होस्ट केलेल्या डोमेनचा सगळा व्यवहार या एका 'मार्फत'वर उभा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां ग्राहकाच्या पत्त्यांत निगमाचेंच नांव असे. कंपनी सोडली कीं पत्ता सुटे, आणि साऱ्या आप्तेष्टांस नवें कळवावें लागे. स्वतःचें डोमेन असलेला मनुष्य मात्र एम्.एक्स्. नोंद तेवढी बदलतो; पत्रें लिहिणारास कांहीं कळतही नाहीं.

जाणाऱ्या टपालाची कथा थोडक्यांत सांगतां येईल. ऑगस्ट १९८२ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं लिहिलेल्या 'एस्.एम्.टी.पी.' नियमांत परवलीचा शब्द नव्हताच, कारण जाळ्यावरचीं माणसें मोजकीं व विश्वासाचीं होतीं. पुढें जाहिरातींचा केरकचरा कोणाच्याही दारांतून ओतला जाऊं लागला, तेव्हां डिसेंबर १९९८ मध्यें पत्र दाखल करण्यास ५८७ क्रमांकाचें निराळें पोर्ट नेमण्यांत आलें व १९९९ मध्यें ओळख पटविण्याचा नियम झाला. 'टपाल येतें, पण जात नाहीं' ही नवशिक्याची तक्रार पुष्कळ वेळां येथेंच उगम पावते. त्यानें जुनें २५ क्रमांकाचें पोर्ट लिहिलेलें असतें, आणि कित्येक इंटरनेट-कंपन्या तें बंद ठेवितात.

येणाऱ्या टपालाचा रकाना मात्र सावकाश वाचावा. तेथें 'पॉप' कीं 'आयमॅप' असें विचारलेलें असतें. 'पॉप'चा पहिला नियम १९८४ चा. लहान संगणक रात्रंदिवस जागा ठेवणें परवडत नसे, म्हणून मोठ्या यंत्रानें टपाल सांभाळावें आणि धन्यानें सवडीनें तें घरीं घेऊन जावें, अशी ती योजना. १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथें मार्क क्रिस्पिन यांनीं 'आयमॅप' रचलें. त्यांत पत्रें सर्व्हरवरच राहतात आणि आपण तीं दुरून वाचतों. फोन, कचेरी, घर अशा तीन ठिकाणीं टपाल पाहणारास हेंच सोयीचें, यांत शंका नाहीं. परंतु तेथें मूळ प्रत कंपनीच्या घरीं असते. आपल्याकडे असते ती तिची छाया, आणि तेथील पत्र पुसलें गेलें कीं छायाही जाते.

इतिहासाच्या अभ्यासकास याची धास्ती वाटावी हें साहजिक आहे. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतच्या आधींच्या दशकांतील पत्रें त्यांत आहेत. तीं हातीं लागलीं, कारण तीं कोणाच्या तरी घरीं दप्तरांत बांधलेलीं होतीं. जासूद पत्र देऊन रिकाम्या हातानें परत जात असे. आजचा जासूद मूळ पत्र स्वतःजवळ ठेवितो आणि वर्षाची वर्गणी थकली तर दारही लावून घेतो. म्हणून आयमॅप घेणारानेंही निदान वर्षाकाठीं एकदां महत्त्वाचीं पत्रें प्रोग्रॅममधील 'लोकल फोल्डर्स'मध्यें उतरून घ्यावीं, असें आमचें मत आहे.

या घरगुती दप्तराची कल्पना नवी नाहीं. १९८८ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं 'यूडोरा' हा टपालाचा प्रोग्रॅम लिहिला. पोस्टांत जाऊन राहणाऱ्या स्त्रीची गोष्ट लिहिणाऱ्या यूडोरा वेल्टी या लेखिकेवरून त्यांनीं त्यास नांव दिलें. तो प्रोग्रॅम आतां निवृत्त झाला आहे. २०१८ मध्यें कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहास संग्रहालयानें त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्यानें साध्या मजकुराच्या फाइलींत सांठविलेलीं पत्रें मात्र आजच्या कोणत्याही संगणकावर उघडून वाचतां येतात.