हातांतली कांडी

महाराष्ट्रांत विहीर खणण्यापूर्वीं पाणाड्याला बोलावण्याची चाल जुनी आहे. बेचक्याची डहाळी अगर तळहातावर नारळ घेऊन तो शेतांतून फिरतो. डहाळी कलली किंवा नारळ उभा राहिला कीं तेथें पाणी आहे असें समजावयाचें. पाणाड्या लबाड असतोच असें मुळींच नाहीं. डहाळी खरोखर हलते. ती पाण्यामुळें हलते कीं हातामुळें, एवढाच प्रश्न असतो. त्याचें उत्तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानें 1833 सालीं दिलें. पाऱ्यावर धरलेला लोलक झुलतो हें त्यानें स्वतःच्या हातानें अनुभवलें. मग त्यानें डोळ्यांवर पट्टी बांधविली, आणि झुलणें थांबलें. मनांतील अपेक्षा हाताच्या स्नायूंस नकळत हालविते, हा त्याचा निष्कर्ष. 1852 सालीं इंग्रज शरीरशास्त्रज्ञ कार्पेंटर यानें या क्रियेला शास्त्रीय नांवही दिलें.

इतकें ठाऊक असतां तीच डहाळी प्लॅस्टिकची मूठ लावून विसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारांना विकली गेली. प्रारंभ अमेरिकेंत झाला. हरवलेले गॉल्फचे चेंडू शोधण्यासाठीं निघालेला ‘क्वाड्रो ट्रॅकर’ 1993 नंतर अमली पदार्थ व शस्त्रें हुडकण्यासाठीं शाळा आणि पोलीसखातीं घेऊं लागलीं. सॅंडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेनें तो तपासला, तेव्हां कार्य करील असा एकही भाग आंत आढळला नाहीं. 1996 सालीं न्यायालयानें विक्रीस मनाई केली. परंतु फौजदारी खटल्यांत आरोपी 1997 सालीं निर्दोष सुटले. अशा खटल्यांत ‘विकणाऱ्याचाही त्यावर विश्वास होता’ हा बचाव नेहमींच हाताशीं असतो.

पुढील पीक इंग्लंडांत आलें. जेम्स मॅक्कॉर्मिक नांवाच्या माजी पोलीस शिपायानें ‘एडीई 651’ हें स्फोटकशोधक म्हणून विकण्यास सुरुवात केली. मुठीच्या टोकाला बिजागरीवर फिरणारी एक तार; बॅटरी नाहीं, कांहीं नाहीं. धरणाऱ्याच्या अंगांतील विजेवर तें चालतें, असें सांगण्यांत येई. ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा तिचें पत्तें यंत्रांत सरकवावयाचें. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेनें असें एक पत्तें फोडलें, तेव्हां आंत दुकानांतून चोरी होऊं नये म्हणून मालाला लावतात तसली क्षुल्लक चकती निघाली. मूळ नमुना 20 डॉलरांच्या आंत मिळणारा चेंडूशोधक. विक्रीची किंमत एका यंत्रास 27,000 पौंडांपर्यंत. सर्वांत मोठें गिऱ्हाईक इराक.

बगदादच्या नाक्यानाक्यांवर शिपाई ही कांडी घेऊन मोटारींजवळून चालूं लागले. 25 ऑक्टोबर 2009 रोजीं स्फोटकांनीं भरलेल्या दोन गाड्या शहराच्या मध्यभागीं पोंचल्या आणि दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. इराकच्या स्फोटकविरोधी खात्याचा प्रमुख जनरल जिहाद अल्-जाबिरी यंत्राची बाजू घेत राहिला. तें जादूनें चालो कीं शास्त्रानें, बाँब सांपडले म्हणजे झालें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. बाँब सांपडत होते काय, हें पट्टी बांधून पाहण्याची तसदी मात्र त्यानें घेतली नाहीं. 2011 सालीं लांचलुचपतीच्या आरोपावरून त्याला अटक झाली.

थायलंडांत ती तसदी घेतली गेली. तेथें ‘जीटी 200’ हें याच जातीचें इंग्रजी यंत्र सैन्याजवळ होतें. फेब्रुवारी 2010 मध्यें चार पेट्यांपैकीं एकींत स्फोटक ठेवून वीस वेळां शोध घेण्यांत आला. यंत्रानें चार वेळां बरोबर दाखविलें. डोळे मिटून बोट ठेवणारालाही सरासरीनें पांच वेळां यश आलें असतें! तरीही सैन्यानें तें तात्काळ टाकून दिलें नाहीं. विकत घेतलेल्या वस्तूला निरुपयोगी म्हणणें म्हणजे घेणाऱ्याच्या सहीलाही तसेंच म्हणणें होय, हें कारण थायलंडपुरतें खास नाहीं.

ब्रिटिश सरकारनें जानेवारी 2010 मध्यें निर्यातबंदी केली, पण ती इराक व अफगाणिस्तान या दोनच देशांपुरती. जेथें स्वतःचें सैन्य होतें, नेमके ते देश. खुद्द ब्रिटिश सैन्याच्या इंजिनियर पथकानेंच पूर्वीं ‘जीटी 200’ प्रदर्शनांत मांडण्यास हातभार लावला होता, ही गोष्टही बाहेर आली. अखेर 2013 सालीं मॅक्कॉर्मिकला दहा वर्षांची व ‘जीटी 200’ विकणाऱ्या गॅरी बोल्टनला सात वर्षांची सजा झाली. या विक्रीनें खोटा भरंवसा उत्पन्न केला आणि निरपराध माणसांच्या मृत्यूला बहुधा प्रत्यक्ष हातभार लावला, असें मॅक्कॉर्मिकच्या न्यायाधीशानें सुनावलें. शिक्षा मात्र कायद्याप्रमाणें फसवणुकीचीच होती. मृत्यूंचा हिशेब कोणत्याही आरोपपत्रांत नव्हता.

लंडनच्या निकालाला तीन वर्षें लोटलीं, तरी बगदादच्या नाक्यांवर कांडी होतीच. 3 जुलै 2016 रोजीं रमझानच्या अखेरच्या दिवसांत कर्रादा पेठेंत खरेदीची गर्दी असतां स्फोट झाला आणि शेंकडों लोक दगावले. त्यानंतर पंतप्रधान हैदर अल्-अबादी यांनीं हीं यंत्रें काढून घेण्याचा हुकूम सोडला.