पिअर्स, रसेल
(२३ जून १९४७ – ५ जानेवारी २०२३). अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे रिपब्लिकन विधिमंडळ सदस्य आणि २०११ मध्ये राज्य सिनेटचे अध्यक्ष. बेकायदा स्थलांतराविरुद्ध राज्यपातळीवर कठोर कायदे करण्याच्या चळवळीचे ते अमेरिकेतील सर्वांत परिणामकारक आमदार होते. त्यांचे गाव मेसा हे फीनिक्सलगतचे, मॉर्मन वसाहतकारांनी वसवलेले शहर. पिअर्स स्वतःही मॉर्मन पंथीय होते.

मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफ खात्यात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि जो अर्पायो शेरीफ असताना ते त्यांचे मुख्य उपप्रमुख झाले. १९७७ मध्ये कर्तव्यावर असताना ते गोळीबारात जखमी झाले होते. पुढे राज्याच्या मोटार वाहन विभागाचे संचालकपद त्यांच्याकडे आले; १९९९ मध्ये त्यांना तेथून दूर करण्यात आले. २००० साली ते मेसामधून प्रतिनिधीगृहावर निवडून आले. ॲरिझोनात एका सभागृहात सलग चारच कार्यकाळ, म्हणजे आठ वर्षे बसता येते. ती मर्यादा संपल्यावर जानेवारी २००९ मध्ये ते सिनेटमध्ये गेले. प्रतिनिधीगृहात ते विनियोजन समितीचे अध्यक्ष होते. राज्याचा खर्च कमी करणे आणि शस्त्र बाळगण्यावरील निर्बंध सैल करणे हेही त्यांच्या कामाचे भाग होते. परवान्याशिवाय लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा देणारा २०१० चा कायदा त्यांनीच मांडला होता.

स्थलांतर हा विषय अमेरिकेत केंद्र सरकारचा. केंद्र आपले काम करत नसेल तर राज्याने ते करावे, ही पिअर्स यांची भूमिका होती. काम, मदत आणि आसरा मिळेनासा झाला की लोक आपणहून परत जातील, असा त्यामागचा हिशेब होता. डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॅनेट नॅपोलिटानो यांच्या नकाराधिकाराला वळसा घालण्यासाठी काही प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेण्यात आले, आणि मतदारांनी ते भरघोस मतांनी उचलून धरले. मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागणारा प्रस्ताव २०० (२००४) हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. पिअर्स त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. केंद्राच्या नोंदणी अर्जाला ही जादा अट जोडता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी दिला. गंभीर गुन्ह्यातील बेकायदा स्थलांतरिताला जामीन नाकारणारी २००६ ची तरतूदही पुढे न्यायालयात टिकली नाही.

टिकला तो २००७ चा कामगार कायदा. बेकायदा स्थलांतरितांना जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाचा व्यवसाय परवाना पहिल्या वेळी निलंबित आणि दुसऱ्या वेळी रद्द करण्याची त्यात तरतूद होती. यावर सही खुद्द नॅपोलिटानो यांनी केली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला. शिक्षा मजुराऐवजी मालकाच्या परवान्यावर नेणारा हा कायदा पिअर्स यांच्या साऱ्या कामात कायदेशीरदृष्ट्या सर्वांत पक्का निघाला. प्रसिद्धी मात्र दुसऱ्याच कायद्याला मिळाली.

सिनेट विधेयक १०७० वर गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी २३ एप्रिल २०१० रोजी सही केली. त्याच्या मसुद्यात कॅन्ससचे वकील क्रिस कोबाक यांचा हात होता. पोलिसांनी कायदेशीर कारणासाठी अडवलेल्या माणसाविषयी वाजवी संशय असेल तर त्याच्या वास्तव्याची वैधता तपासावी, हे त्याचे मर्म. कातडीच्या रंगावरून माणसे अडवली जातील, ही लॅटिनो समाजाची भीती निराधार नव्हती. परिषदा रद्द झाल्या, बहिष्काराची हाक दिली गेली, आणि अन्य काही राज्यांनी त्याच धर्तीवर कायदेही केले. केंद्र सरकारने दावा लावला व जुलै २०१० मध्ये मुख्य कलमांना स्थगिती मिळाली. २५ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त चारांपैकी तीन कलमे रद्द केली. वास्तव्य तपासणीचे कलम तेवढे त्या टप्प्यावर राखले. २०१६ च्या तडजोडीने त्याच्या वापरालाही मर्यादा घातल्या.

जानेवारी २०११ मध्ये पिअर्स सिनेटचे अध्यक्ष झाले. तीस सदस्यांच्या सभागृहात रिपब्लिकन एकवीस होते, तरी त्याच मार्चमध्ये स्थलांतरविषयक पाच विधेयके फेटाळली गेली. बेकायदा स्थलांतरितांच्या ॲरिझोनात जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाला हात घालणारे विधेयकही त्यांत होते. साठ उद्योजकांनी पत्र लिहून विरोध केला होता. बहिष्काराची झळ त्यांना बसली होती आणि पक्षातील काही सदस्यांनी त्यांचे म्हणणे ऐकले. दरम्यान मेसामध्ये पिअर्स यांना माघारी बोलावण्यासाठी सह्या गोळा होत होत्या. ही तरतूद राज्याच्या संविधानात १९१२ पासून आहे, पण तिने एकाही आमदाराचे पद तोवर गेले नव्हते. ७,७५६ सह्या आवश्यक होत्या; १०,३६५ ग्राह्य ठरल्या. ८ नोव्हेंबर २०११ च्या मतदानात पिअर्स यांना सुमारे ४५ टक्केच मते पडली. विजयी झालेले जेरी लुईसही रिपब्लिकन आणि मॉर्मनच होते. अशा मतदानात पक्षाची प्राथमिक फेरी नसते व सर्व पक्षांचे मतदार एकत्र मत देतात, हेही निकालाचे एक कारण.

२०१२ मध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उद्योजक बॉब वर्स्ली यांनी त्यांना हरवले. त्यानंतर ते राज्य रिपब्लिकन पक्षाचे प्रथम उपाध्यक्ष झाले; पण सरकारी आरोग्यसाहाय्य घेणाऱ्या स्त्रियांना संततिप्रतिबंधाची सक्ती करावी, असे आकाशवाणीवर बोलल्यामुळे पक्षातूनच टीका झाली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी ते पद सोडले.