मोगलाईची शीव आणि परागंदा गुन्हेगार

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग देवळाशी नव्हे, तर मुलखाच्या शिवेशी निगडित आहे. पेशवाई बुडाल्यानंतर आणि १८२२ च्या तहाने इंग्रज व निजाम यांच्यात मुलखांची अदलाबदल झाल्यानंतर जी सरहद्द आकाराला आली, तिच्या पूर्वेला परंड्याचा टापू निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला, तर करमाळा, बार्शी आणि जामखेड हे शेजारचे तालुके मुंबई इलाख्यात मोडू लागले. दोन्हीकडची भाषा एक, दैवते एक, सोयरिकी एकमेकांत; तरीही सीनाकाठच्या या पट्ट्यात नाणे, जकात, पोलीस आणि न्यायालय ही सारी गावागणिक बदलत. निजामाच्या मुलखाला लोक सरसकट ‘मोगलाई’ म्हणत, आणि मोगलाईत माल नेताना किंवा तेथून आणताना ‘करोडगिरी’ म्हणजे संस्थानची जकात नाक्यावर भरावी लागे. व्यापाऱ्याला अडवणारी ही शीव गुन्हेगाराच्या मात्र पथ्यावर पडत असे, कारण त्याने ती ओलांडली की पाठलाग करणाऱ्या शिपायाचा अधिकार तेथेच संपत असे.

ही अडचण नवी नव्हती आणि तिच्यावरचा देशी उपायही जुना होता. दख्खनच्या गावगाड्यात चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या पावलांचे ठसे पाहून ‘माग’ काढत असे. माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचेल, त्या गावाने तो पुढे दुसऱ्या शिवेत नेऊन दाखवावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, असा दंडक होता. या पद्धतीत राजसत्तेच्या सीमेला फारसे महत्त्व नव्हते, कारण जबाबदारी गावाने गावाकडे सोपवायची असे. इंग्रजी अमलात न्यायालयाचे अधिकारक्षेत्र नकाशावर आखले गेले आणि गुन्हा कोठे घडला हा प्रश्न गुन्हेगार कोण या प्रश्नाइतकाच निर्णायक ठरला. बैल चोरून एका रात्रीत दोन राज्यांत वावरणाऱ्या माणसाविरुद्ध हा नकाशा फारसा उपयोगी पडणारा नव्हता.

ठगांच्या प्रकरणाने ही उणीव प्रथम ठळकपणे पुढे आणली. ठग म्हणजे वाटसरूंच्या तांड्यात मिसळून, विश्वास संपादून, गळफासाने त्यांना मारणाऱ्या टोळ्या. त्यांची कृत्ये एका संस्थानात, लुटीची विक्री दुसऱ्या संस्थानात आणि बिऱ्हाड तिसऱ्याच मुलखात, असा त्यांचा क्रम असल्यामुळे कोणत्याही एका न्यायालयापुढे संपूर्ण गुन्हा उभा राहत नसे. १८३५ मध्ये विल्यम स्लीमन याची ठगीविरोधी मोहिमेवर जनरल सुपरिंटेंडेंट म्हणून नेमणूक झाली, आणि १८३९ पासून दरोडेखोरीचे कामही त्याच्याकडे आले. या पदाला अभियोक्ता म्हणजे सरकारच्या वतीने खटला चालवणारा अधिकारी असे नाव नव्हते; पण माफीच्या साक्षीदारांचे जबाब घेणे, टोळ्यांच्या वंशावळी व याद्या तयार करणे, एका ठिकाणचा जबाब शेकडो कोसांवरच्या जबाबाशी ताडून पाहणे आणि त्यावरून खटले उभे करणे, हे सारे त्या एका कचेरीतून होत असल्याने तपास आणि अभियोग यांमधली रेषा तेथे पुसली गेली होती. आधुनिक न्यायशास्त्राला हे रुचणारे नाही. हैदराबादेत या कामावर कॅप्टन रेनॉल्ड्स होता, आणि पकडलेल्या ठगांचे खटले तेथील रेसिडेंटापुढे, म्हणजे निजामाच्या दरबारात राहणाऱ्या इंग्रज वकिलापुढे चालत. याचा अर्थ राजनैतिक प्रतिनिधीच न्यायाधीशाच्या आसनावर बसत असे.

या व्यवस्थेला कायद्याचा आधार १८३६ च्या तिसाव्या कायद्याने मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप, आणि गुन्हा कोठेही घडलेला असला तरी कंपनीच्या कोणत्याही न्यायालयाला खटला चालवण्याची मुभा, असे त्याचे स्वरूप होते. विशिष्ट खून विशिष्ट जागी केल्याचे सिद्ध करण्याची गरजच त्यामुळे उरली नाही. १८४३ मध्ये हाच उपाय दरोडेखोरांच्या टोळ्यांनाही लागू झाला. गुन्हेगारीचे स्वरूप पाहता उपाय परिणामकारक होता यात शंका नाही, पण एका पक्षाने दुसऱ्याच्या मुलखातील कृत्यांवर आपल्या कायद्याने शिक्षा ठरवावी आणि त्याला सहकार्य म्हणावे, हा शब्दांचा उदारपणाच होय.

धाराशिवच्या परिसराला या घडामोडींचा एक वेगळा अध्याय जोडलेला आहे. निजामाने ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकल्यावर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि नळदुर्गला मेडोज टेलर हा अधिकारी नेमला गेला. टेलरने १८३९ मध्ये ठगांच्या कबुलीजबाबांवर आधारलेली कादंबरी प्रसिद्ध करून इंग्लंडात नाव मिळवले होते. तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलिसांच्या कामावर असताना ठगीचा छडा लावण्याची संधी बदलीमुळे हुकली, ही रुखरुख त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्या सात वर्षांत धाराशिवकडची शीव व्यवहारात पुसट झाली, कारण तिच्या दोन्ही अंगांना इंग्रज अधिकारी होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला आणि शीव पुन्हा उभी राहिली. मात्र सालारजंग या दिवाणाने महसूल व पोलीस यांची जिल्हावार घडी बसवायला घेतल्याने पुढील काळात पत्रव्यवहाराला निदान जबाबदार समोरचा पक्ष मिळू लागला.

८ मे १८६७ रोजी इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात गुन्हेगार-प्रत्यार्पणाचा तह झाला. प्रत्यार्पण म्हणजे एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात पळालेल्या माणसाला रीतसर मागणीनंतर परत सोपवणे. कागदावर ही बरोबरीची बांधिलकी होती. परंतु १८८७ मध्ये या तहाला पुरवणी जोडण्यात आली आणि इंग्रजी मुलखातून हैदराबादेत माणूस सोपवताना तहातील पद्धत न वापरता ब्रिटिश हिंदुस्थानातील कायद्याचीच पद्धत वापरावी असे ठरले. तहाची कार्यपद्धती अडचणीची असल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. दोन राज्यांमधील करार अशा रीतीने एकाच्या अंतर्गत कायद्याचा भाग बनला. १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्याने ही रीत पक्की केली. संस्थानात गुन्हा करून ब्रिटिश हद्दीत आलेल्या इसमाविरुद्ध तेथील पोलिटिकल एजंटाने वॉरंट काढायचे आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने ते बजावायचे. या तरतुदीतून युरोपीय ब्रिटिश प्रजाजन वगळलेले होते. संस्थानच्या न्यायालयाने नव्हे, तर संस्थानातील इंग्रज प्रतिनिधीने वॉरंट काढायचे, ही बाब बारकाईने पाहण्याजोगी आहे.

वासुदेव बळवंत फडके यांची अटक ही सरहद्दीवरच्या पोलिसी सहकार्याची सर्वांत गाजलेली कामगिरी. १८७९ च्या फेब्रुवारीपासून पुणे भागात दरोडे घालून सरकारविरुद्ध उठाव उभारू पाहणारे फडके पाठलाग वाढताच निजामाच्या मुलखात गेले आणि गाणगापूरच्या बाजूला राहून रोहिल्यांची, म्हणजे संस्थानात भाडोत्री शिपाईगिरी करणाऱ्या पठाणांची, फौज जमवू लागले. त्यांच्या मागावर मुंबई इलाख्याचा मेजर डॅनियल होता आणि त्याला हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांची साथ मिळाली. जुलैमध्ये कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे ते पकडले गेले. हे गाव इंग्रजी हद्दीत असल्याने प्रत्यार्पणाची गरजच पडली नाही, पण मोगलाईत आसरा मिळतो हा समज त्या दिवशी मोडला. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेपेनंतर एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके वारले. आरोपपत्राच्या दृष्टीने ते दरोडेखोर होते आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने क्रांतिकारक, आणि सरहद्दीवरच्या सहकार्याला या दोहोंतील फरक ओळखण्याची सोय नव्हती. तशी सोय ठेवण्याची इच्छाही नव्हती.

निजामाचे सार्वभौमत्व अगदीच नाममात्र होते, असे मात्र म्हणता येत नाही. हैदराबाद संस्थानातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या पट्टीवरील फौजदारी अधिकार निजामाने इंग्रजांना दिले होते, आणि त्याच्या जोरावर शंकरपल्ली स्थानकावर निजामाच्या एका प्रजाजनाला सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवरून अटक झाली. हा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपिली न्यायालयापर्यंत, गेला. १८९७ मध्ये कौन्सिलने निर्णय दिला, की दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी रुळांवरून माणूस उचलता येणार नाही. ती अटक बेकायदा ठरली. त्याच वर्षी सोनारीपासून दूर नसलेल्या बार्शीला कुर्डुवाडीहून अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे आली, आणि १९११ मध्ये ती मोगलाईतल्या लातूरपर्यंत पोहोचली.

१९०४ मध्ये ठगी व दरोडेखोरी विभाग बंद होऊन त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला, पण शीव होती तेथेच राहिली. तिचा उपयोग मग उलट दिशेने होऊ लागला. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे, म्हणजे संस्थान भारतात विलीन करण्यासाठीच्या लढ्याचे, कार्यकर्ते बार्शी-सोलापूर भागातील सरहद्दीवरच्या शिबिरांत राहून मोगलाईतील करोडगिरी नाके व पोलीस ठाणी यांवर हल्ले करीत आणि परत हिंदी हद्दीत येत. निजाम सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते, तर भारताच्या लेखी स्वातंत्र्यसैनिक. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने भारतीय सैन्य आत शिरले आणि पाच दिवसांत संस्थान शरण आले. पुढे रझवीवर खटले चालले आणि बिबीनगर प्रकरणात त्याला शिक्षा झाली ती दरोड्याच्या आरोपाखाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा मुंबई राज्यात समाविष्ट झाला, आणि परंडा व करमाळा यांच्यामधली शीव दोन जिल्ह्यांची साधी हद्द बनली. १९०३ चा कायदा स्वतंत्र भारतातही काही वर्षे टिकून राहिला. संसदेने १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याने तो रद्द केला, आणि राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणालाही परराज्याच्या हवाली करता येणार नाही, हे बंधन त्याच्या एकतिसाव्या कलमात स्पष्ट शब्दांत घातले.