एका जीर्ण सनदेची ओळख

दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह म्हणजे निव्वळ द्रव्याचा खेळ, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. धनिकानें ग्रंथ विकत घ्यावे, कपाटांत ठेवावे, वर कुलूप घालावें, झाला संग्रह! परंतु अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदेशाळेच्या ग्रंथालयाची हकीकत पाहिली, म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे हें आम्हांस कळून येतें.

ही शाळा १८१७ सालीं स्थापन झाली. १८७० सालीं तिची धुरा हातीं घेणारे लँगडेल यांचें मत असें कीं, रसायनशास्त्रज्ञास जशी प्रयोगशाळा, तसें कायदेपंडितास ग्रंथालय. त्यांच्या अमदानींत, १८७२ मध्यें, जॉन आर्नल्ड ग्रंथपाल झाले आणि १९१३ पर्यंत त्यांनीं हा संग्रह वाढविला. त्याच १९१३ सालीं जॉर्ज डन या इंग्रज संग्राहकाचा प्राचीन इंग्रजी कायदेग्रंथांचा भांडारही तेथें आला.

पुढें १९४६ सालीं ग्रंथालयानें लंडनच्या एका ग्रंथविक्रेत्याकडून एक चर्मपत्र अवघ्या साडेसत्तावीस डॉलरांस घेतलें. राजासही कायद्याचें बंधन आहे हें तत्त्व ज्या सनदेनें १२१५ सालीं इंग्लंडांत रुजविलें, त्या मॅग्ना कार्टाची ही १३२७ सालची नक्कल, झिजलेली व ओलीचे डाग पडलेली, असें तिचें वर्णन विक्रीच्या यादींत होतें. ग्रंथालयानेंही ती नक्कल म्हणूनच जपली.

सुमारें पाऊणशें वर्षें लोटलीं. २०२३ च्या डिसेंबरांत लंडनचे इतिहासाध्यापक डेव्हिड कार्पेंटर यांना ग्रंथालयानें संकेतस्थळावर खुलें ठेवलेलें तिचें छायाचित्र दिसलें आणि शंका आली. त्यांनीं निकोलस व्हिन्सेंट यांच्यासह तिचा आकार व हस्ताक्षर तपासलें. पुसट अक्षरें अतिनील प्रकाशांत वाचून मजकूर शब्दशः ताडून पाहिला. २०२५ च्या मे महिन्यांत निर्णय जाहीर झाला: ही नक्कल नव्हे, राजा पहिला एडवर्ड यानें १३०० सालीं पुन्हा दिलेल्या सनदेची ही अस्सल प्रत आहे. त्या वर्षाच्या अशा सातच प्रती आज ज्ञात आहेत.

येथें श्रेय कोणाचें? विद्वानांचें तर खरेंच. पण ज्यांनीं वस्तूची किंमत ठाऊक नसतां ती वाळवीच्या व ओलीच्या तोंडीं दिली नाहीं, तिची नोंद ठेवली आणि परक्या अभ्यासकासही दार मोकळें ठेवलें, त्यांचेंही तें तितकेंच आहे. नोंद चुकीची होती. तरी वस्तु जागेवर होती, म्हणूनच चूक सुधारतां आली. आपल्या घरच्या माळ्यावरील जुनीं दप्तरें रद्दींत घालण्यापूर्वीं आम्ही एवढें आठवलें तरी पुष्कळ झालें.