कंबरदुखीवरील ताणव्यायाम

कंबरदुखीवरील ताणव्यायाम म्हणजे पाठीचा खालचा भाग, नितंब व मांड्या यांतील आखडलेले स्नायू सावकाश लांबवून वेदना आणि ताठरपणा कमी करण्यासाठी केले जाणारे सौम्य व्यायाम होत. यांत स्नायू सोसवेल इतपतच ताणला जातो व काही सेकंद त्याच स्थितीत ठेवला जातो. झटके दिले जात नाहीत. भौतिकोपचार आणि योगासने या दोन्ही परंपरांत असे व्यायाम आढळतात. ज्या कंबरदुखीमागे विशिष्ट आजार आढळत नाही, अशा दुखण्यात ते प्रामुख्याने उपयोगी पडतात. अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा मज्जातंतूंवरील गंभीर दाब यांवरील ते उपचार नव्हेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांपैकी बहुसंख्य, म्हणजे सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे निश्चित शारीरिक कारण दाखवता येत नाही.

शरीररचना

कंबरेच्या भागात पाच मणके असून त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या असतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठ ताठ ठेवणारे लांब स्नायू असतात. कटिमणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडला जाणारा स्नायू जांघेतून जातो. दीर्घकाळ बसून राहिल्यास तो आखूड स्थितीतच राहतो. मांडीच्या मागील स्नायू ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून सुरू होतात. ते ताठर असल्यास पुढे वाकताना ओटीपोट पुरेसे फिरत नाही आणि वाकण्याचा भार कंबरेवर येतो. त्यामुळे कंबरदुखीवरील ताणव्यायामांत कंबरेइतकाच नितंब, जांघ व मांड्या यांचाही विचार केला जातो.

नियमित ताणामुळे हालचालीची मर्यादा वाढते. मात्र पहिल्या काही आठवड्यांतील वाढ ही स्नायूची लांबी बदलल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची क्षमता वाढल्यामुळे होते, असे संशोधक मानतात. जोर लावून स्नायू लांब करण्याचा प्रयत्न म्हणूनच निरर्थक ठरतो.

इतिहास

कंबरेत उसण भरली की अंथरुणावर पडून राहावे, हा सल्ला विसाव्या शतकात दीर्घकाळ सर्वमान्य होता. १९३७ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद पॉल विल्यम्स यांनी कंबर पुढे वाकवणाऱ्या व्यायामांची मालिका मांडली. गुडघे छातीशी घेण्याचा व्यायाम तिच्यातूनच सर्वत्र पोहोचला.

न्यूझीलंडमधील भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी यांनी नेमकी उलट दिशा दाखवली. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातील वेदना कमी झाल्या. पाठ मागे वाकल्याने आराम पडला, या निरीक्षणावरून मॅकेन्झी यांनी पुढे स्वतंत्र उपचारपद्धती विकसित केली.

विश्रांतीबाबतची समजूतही नंतर बदलली. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयुक्त आढळली. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात, सोसवेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. विशेष म्हणजे, दुखणे नुकतेच सुरू झाले असताना व्यायाम करवून घेतलेल्या गटापेक्षाही ते पुढे होते.

प्रमुख व्यायाम

गुडघा छातीशी घेणे : उताणे झोपून दोन्ही पाय दुमडावेत व तळवे जमिनीवर टेकवावेत. एक गुडघा हातांनी धरून छातीकडे आणावा, नंतर दुसरा. सवय झाल्यावर दोन्ही एकत्र घेता येतात. हा व्यायाम पवनमुक्तासनासारखा असला, तरी यात डोके उचलले जात नाही.

गुडघे बाजूंना झुकवणे : त्याच स्थितीत दोन्ही गुडघे जुळवून आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे झुकवावेत. खांदे जमिनीला टेकलेले असावेत.

मार्जारासन : हात व गुडघे टेकून ओणवे व्हावे. श्वास सोडताना पाठ वर उचलून गोल करावी, घेताना हळूहळू खाली सोडावी.

मांडीच्या मागील स्नायूंचा ताण : उताणे झोपून एका तळपायाभोवती पंचा अडकवावा व तो पाय शक्य तितका सरळ ठेवून वर घ्यावा. उभे राहून पायांची बोटे धरण्यापेक्षा हा प्रकार सौम्य असतो, कारण पाठीला जमिनीचा आधार मिळतो.

नितंबाचा ताण : उताणे झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याजवळ मांडीवर ठेवावा आणि ती खालची मांडी छातीकडे ओढावी.

जांघेचा ताण : एक गुडघा घडी केलेल्या सतरंजीवर टेकवून दुसरे पाऊल पुढे ठेवावे. पोट आत घेऊन धड किंचित पुढे न्यावे. कंबर मागे वाकवू नये.

पालथे झोपून पाठ उचलणे : प्रथम केवळ पालथे पडून राहावे, नंतर कोपरांवर व शेवटी तळहातांवर भार घेऊन छाती उचलावी. ओटीपोट जमिनीलाच टेकलेले असते. हे भुजंगासनासारखे दिसते; परंतु मॅकेन्झी पद्धतीत पाठीचे स्नायू सैल ठेवून सर्व काम हातांकडून करवून घेतले जाते.

ज्यांना जमिनीवर बसणे-उठणे जमत नाही, त्यांना उताणे झोपून करावयाचे प्रकार घट्ट गादीच्या पलंगावर करता येतात.

करण्याची पद्धत

थोडे चालून किंवा शेक घेऊन अंग उबदार झाल्यावर ताण देणे सोयीचे असते. प्रत्येक ताण साधारणतः १५ ते ३० सेकंद धरून दोन ते चार वेळा करतात. श्वास रोखला जात नाही. ओढ जाणवावी, वेदना नव्हे, ही मर्यादा मानली जाते. रात्रभर झोपल्याने मणक्यांमधील चकत्यांत पाणी शोषले जाऊन त्या फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्याबरोबर खोल पुढे वाकणे टाळले जाते.

दिशेची निवड

सर्वांना लागू पडेल असा एकच ताण नाही. मणक्यांतील पोकळी अरुंद झालेल्या वृद्धांना पुढे वाकल्याने सहसा आराम पडतो व मागे वाकल्याने त्रास वाढतो. चकती सरकल्याने दुखणाऱ्या अनेकांत याउलट घडते. पायात उतरलेली वेदना व्यायामाने मागे सरकून कंबरेपुरती उरली, तर मॅकेन्झी पद्धतीत ते अनुकूल चिन्ह समजले जाते. वेदना किंवा मुंग्या पायात अधिक खाली पसरू लागल्यास तो व्यायाम थांबवला जातो.

परिणामकारकता

२०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या २२८ प्रौढांची तुलना करण्यात आली. बारा आठवड्यांनंतर योगवर्ग व ताणव्यायामवर्ग या दोन्ही गटांत, केवळ मार्गदर्शक पुस्तक दिलेल्या गटापेक्षा अधिक सुधारणा दिसली. पहिल्या दोन गटांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. जुन्या दुखण्यात कोणताही एक व्यायामप्रकार सर्वश्रेष्ठ ठरलेला नाही. चालणे व स्नायूबळ वाढवणारे व्यायाम यांची जोड देऊन नियमितपणा राखणे महत्त्वाचे मानले जाते.

निषेध व धोक्याची लक्षणे

अस्थिविरलता असलेल्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५९ स्त्रियांच्या अभ्यासात असे व्यायाम करणाऱ्या गटात मणके खचण्याचे प्रमाण, पाठ मागे ताणणाऱ्या गटापेक्षा बरेच अधिक आढळले.

लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, गुदद्वार व जननेंद्रियांभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. ताप, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेली वेदना किंवा विश्रांतीतही न थांबणारे रात्रीचे दुखणे असल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.